इतिहास असलेला जुना वृक्ष कोसळला: पहिल्या आठवड्यात काय काय वाचवता येतं?

पारावरचा

मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा, यल्लम्मा मंदिराजवळचा वड बऱ्याच जणांना आठवत असेल. २०२० मध्ये त्याच्यासाठी रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी बदलली. चारशे वर्षांचा वड म्हणून सगळीकडे फोटो फिरले. रस्त्याच्या तावडीतून सुटलेला तो वड २०२२ च्या जूनमध्ये कोसळला.

अशी बातमी आली की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी हळहळ, दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा करायला करवती, आठवड्याभरात लाकडाचा लिलाव आणि पुढच्या पर्यावरण दिनी त्याच खड्ड्यात कुठल्याशा नर्सरीतून आणलेलं भलतंच रोप. झाडाचा वंश, वयाचा पुरावा आणि पडण्याचं कारण ही तिन्ही त्या घाईत हातची जातात, आणि नंतर मिळवायची म्हटली तरी मिळत नाहीत. म्हणून हा धागा फक्त त्या पहिल्या आठवड्यापुरता.

सुरुवात मी करतो. आधी वीज. तारा तुटल्यात की नुसत्या लोंबताहेत हे डोळ्यांनी ठरवू नका. वीज कंपनीकडून लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत फांद्यांना हात लावू नका, ओल्या फांदीतून प्रवाह येतो. मधमाश्यांचं मोहोळ, पक्ष्यांची घरटी, ढोलीतली वटवाघळं, साप हे सगळं झाडाबरोबर खाली आलेलं असतं. त्यासाठी वनविभागाला फोन.

दुसरा धोका फारसा कुणाला माहीत नसतो. झाड मुळांसकट उलटलं असेल तर मातीची आणि मुळांची ती उभी थाळी बुंध्याच्या वजनानेच उचललेली असते. बुंधा मुळांजवळ कापला की वजन जातं आणि थाळी झपकन परत खड्ड्यात बसते. खड्ड्यात उतरून फोटो काढणारा माणूस तिच्याखाली सापडतो. म्हणून खड्ड्यात कुणीही असताना करवत चालवायची नाही, आणि कापायचंच असेल तर थाळीला दोन-तीन मीटर बुंधा ठेवून कापायचं.

करवत सुरू होण्याआधी तासभर मागून घ्या. एवढ्या वेळात साध्या फोनवर झाडाची पूर्ण नोंद होते. झाडाभोवती तीन वेगवेगळ्या उंचीवरून फेऱ्या मारत दोनेकशे फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यायला हवा, म्हणजे पुढे त्यातून त्रिमितीय प्रतिकृती बनवता येते. चौकटीत कुठेतरी मीटरची पट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी असू द्या. बुंध्याचा घेर मुळांपासून १.३७ मीटरवर मोजा, वनखात्याची मोजणीची उंची तीच आहे. पडण्याची दिशा होकायंत्रावर बघून लिहा. वड असेल तर जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळ्या मोजा, लोंबत्या वेगळ्या.

कलमं, वय, लाकूड, कायदा यावर जाणकारांनी लिहावं. आठवणी आणि कवितांसाठी वेगळा धागा काढू, इथे कामाचं येऊ द्या.

कलमबहाद्दर

वडाबद्दल लिहितो, कारण वडाचं सगळ्यात सोपं आणि तरीही सगळ्यात जास्त फसतं.

बी लावून येतं ते त्या झाडाचं पोर. फांदी लावून येतं ते तेच झाड. इतिहास असलेल्या झाडाच्या बाबतीत फांदीच हवी. पडलेल्या वडाच्या फांद्या सावलीत असतील आणि साल खरवडल्यावर आत हिरवं दिसत असेल तर आठ-दहा दिवस तरी आशा असते. मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत काढलेल्या खुंटांची गोष्टच वेगळी.

मनगटाएवढ्या जाडीचे, सहा ते आठ फूट लांबीचे सरळ खुंट निवडा. सगळी पानं लगेच काढा, नाहीतर खुंटातलं पाणी पानांवाटे उडून जातं. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सरळ. हे दिसायला किरकोळ आहे, पण ट्रॅक्टरमध्ये ढीग टाकल्यावर वर-खाली ओळखू येत नाही आणि उलटा लावलेला खुंट मरतो. तिरका काप हीच ओळख.

कापल्यावर चीक येतो. तो तसाच ठेवून खुंट मातीत खोचला की टोकाशी चिकाचा थर बसतो आणि तिथून कुजायला सुरुवात होते. टोकं वाहत्या पाण्यात धुवा आणि खुंट दिवसभर सावलीत उभे ठेवून कापलेली टोकं सुकू द्या. खालच्या टोकाला आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) पावडर लावली तर मुळं लवकर फुटतात. वडाला ती नसली तरी चालते. वरच्या टोकाला शेण-मातीचा लेप किंवा बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका.

दोन फूट खोल खड्डा, तळाला वाळू आणि मुरूम, वर पोयट्याची माती. काळ्या चिकण मातीत पाणी साचून खुंट कुजतो, तिथे उंचवटा करून लावा.

आणि आता खरी मेख. तीन-चार आठवड्यांत खुंटाला पालवी फुटते. लोक खूश होतात, फोटो येतात, रोप हलवून समारंभपूर्वक 'मूळ जागी' लावलं जातं आणि महिन्यात वाळतं. ती पालवी खुंटातल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असते, तेव्हा मुळं धरलेलीच नसतात. पूर्ण पावसाळा आणि पुढचा हिवाळा खुंट हलवायचा नाही. हलवायची वेळ येणारच असेल तर मोठ्या पिशवीत किंवा फोडलेल्या पिंपात लावा.

किमान तीस खुंट, आणि ते किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एका नर्सरीतला पंप बंद पडला आणि सगळा वंश संपला, असं व्हायला नको.

रानवाट

कलमबहाद्दर, फार कामाचा प्रतिसाद. पण सगळी ऐतिहासिक झाडं वड नसतात. पिंपळ, चिंच, आंबा यांचं काय? आणि किल्ल्यातली गोरखचिंच (बाओबाब)?

पारावरचा

तीस खुंट म्हणताना एक जोडतो: ते झाडाच्या सगळ्या बाजूंनी घ्या. वड-पिंपळ गटातली मोठी झाडं कधीकधी दोन-तीन वेगवेगळ्या बियांतून येऊन एकमेकांत मिसळलेली असतात. बाहेरून एकच बुंधा दिसतो. एकाच बाजूच्या फांद्या घेतल्या तर अर्धं झाड राहून गेलं असं होऊ शकतं. प्रत्येक खुंटावर दिशा लिहिलेली पत्र्याची चकती तारेने बांधा. मार्करची शाई एका पावसात जाते.

कलमबहाद्दर

@रानवाट,

पिंपळाचे खुंट वडाइतके भरवशाचे नाहीत, बरेच जातात. पडलेल्या झाडाची काही मुळं अजून जमिनीत असतील आणि एखादी फांदी जिवंत असेल तर तिथेच गुटी बांधा. अंगठ्याएवढ्या फांदीची दोन-अडीच सेंटीमीटर रुंद साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, आयबीए लावून ओल्या शेवाळाचा गोळा बांधायचा आणि वर प्लास्टिक घट्ट. थर खरवडला नाही तर साल परत जुळते, मुळं येत नाहीत.

आंबा आणि चिंच खुंटावर येत नाहीत असंच धरा. त्यांना कलम लागतं. आंब्याची काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी, दहा ते पंधरा सेंटीमीटर, टोकाचा डोळा फुगलेला पण न उमललेला. पानं देठ ठेवून कापा, काड्या ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत रोपांवर बांधा. उन्हात उभ्या गाडीत तासभर राहिल्या तरी वाया जातात.

म्हाताऱ्या आंब्यावर अशी कोवळी काडी शोधून मिळत नाही ही खरी अडचण. काही मुळं शाबूत असतील तर झाड लगेच तोडू देऊ नका. दोन-तीन फांद्या अर्ध्यावर छाटा, बुंध्याला गोणपाट गुंडाळून ओला ठेवा. नवी फूट आली की ती तीन महिन्यांनी काडी म्हणून कामाची. एवढा वेळ मिळवण्यासाठीच तहसील किंवा नगरपालिकेकडे पत्र द्यायचं असतं.

गोरखचिंच मजेशीर झाड आहे. खोड म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज, आडवी पडली तरी कधीकधी फुटते, त्यामुळे मुळं जमिनीत असतील तर तशीच राहू द्या. फळं असतील तर गोळा करा. बियांचं कवच कठीण असतं, ते एका बाजूला घासून रात्रभर गरम पाण्यात भिजवा. मेलेलं खोड मात्र टिकत नाही, त्याचा काही महिन्यांत काथ्यासारखा चोथा होतो.

निवांत

वाखुसा (वाचनखूण साठवली). ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकतोय.

मुळावर_उठलेला

सगळे फांद्यांमागे आहेत, मी मुळांकडे जातो. 'वादळात पडला' हे कारण नव्हे, तो फक्त शेवटचा धक्का. तीच हवा शेजारच्या झाडांना लागली आणि ती उभी आहेत. खरं कारण उलटलेल्या मुळांच्या टोकांवर वाचता येतं, फक्त माती वाळून गळून पडायच्या आत बघायला हवं.

प्रत्येक जाड मुळाचं टोक जवळून बघा. टोक लांब, चिरफाळलेलं, दोरखंड तुटल्यावर दिसतं तसं तंतुमय आणि आतून फिकट असेल तर मूळ जिवंत होतं, ताण येऊन तुटलं. टोक आखूड, बोथट, बोटाने दाबल्यावर ओल्या पावासारखं खचणारं, आत पांढुरका चोथा: ती कूज. आणि टोक सपाट, करवतीने कापल्यासारखं, कडेला साल वळून गोलसर कड तयार झालेली: ते मूळ काही वर्षांपूर्वी कुणीतरी खणताना तोडलं. असं सपाट टोक एकाच बाजूला ओळीने दिसलं तर त्या बाजूला पाइपलाइन, केबल किंवा गटार आहे का बघा. बहुतेक वेळा असतंच. झाड त्याच्या विरुद्ध बाजूला पडलेलं असतं, कारण ओढून धरणारी मुळं खणलेल्या बाजूची गेलेली असतात.

प्रत्येक टोकाचा फोटो, शेजारी पट्टी. पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहून टाकण्याआधी हे फोटो जोडायला लावा.

कुजीचं मोठं कारण गॅनोडर्मा ही बुरशी. बुंध्याच्या तळाशी तांबूस-तपकिरी, वरून लाखेसारखी चकचकीत किंवा खरबरीत, अर्धगोल कडक अळंबी येते. ती दिसली म्हणजे आतलं काम वर्षानुवर्षं चाललेलं असतं. अळंबी तोडून टाकल्याने काहीही होत नाही. उलट पुरावा जातो.

मुळावर_उठलेला

वरच्याचाच पुढचा भाग, कारण शेजारची झाडं अजून उभी आहेत.

मुळं बुंध्याच्या खाली खोल जातात हा समज डोक्यातून काढा. अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. संरक्षणासाठी इंग्लंडमधल्या बांधकाम मानकात बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्या धरतात, पुरातन झाडांना तिथल्या सरकारी मार्गदर्शनात किमान पंधरा पट. म्हणजे दीड मीटर व्यासाच्या जुन्या वडाला साडेबावीस मीटर. आपल्याकडे पार बांधताना कडं घालतात ते बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर.

पार दगडाचा, सांधे मोकळे असलेला असेल तर झाड शेकडो वर्षं काढतं. त्याच पाराचा 'जीर्णोद्धार' म्हणून काँक्रीट ओततात, वर टाइल बसवतात आणि आत फूटभर मुरूम भरतात. बुंध्याभोवती फूटभर भराव झाला की मुळांना हवा कमी पडते, साल मातीखाली ओली राहून कुजते. झाड लगेच मरत नाही. आठ-दहा वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर जीर्णोद्धाराची पाटीसुद्धा पुसट झालेली असते.

पारंब्या तोडणं हे तर वडाचे पाय तोडणं. पार्किंगमध्ये येतात, डोक्याला लागतात म्हणून कापतात. वड आडवा वाढतो तो पारंब्यांच्या भरवशावर. लोंबती पारंबी खाली आणायची असेल तर बांबू उभा चिरून, आतली पेरं फोडून, त्यात माती-शेणखत-शेवाळ भरून पारंबी आत घ्या, बांबू परत बांधा आणि खालचं टोक जमिनीत गाडा. ओल टिकली तर पारंबी त्यातून झपाट्याने खाली उतरते. जमिनीत शिरल्यावर काही वर्षांत खांबासारखी जाड होते.

हावड्याच्या शिवपूरच्या उद्यानातला मोठा वड बघा. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, मुख्य खोड कुजलं आणि १९२५ मध्ये ते काढून टाकलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतंय.

सरळ_रेघ

ढोलीत सिमेंट भरावं का? अनेक ठिकाणी पुरातन झाडांच्या ढोल्या सिमेंटने बंद केलेल्या दिसतात.

मुळावर_उठलेला

नाही. सिमेंट हलत नाही आणि खोड वाऱ्यात हलतं, त्यामुळे कडेने फट पडते, तीत पाणी साचतं आणि कूज आतल्या आत वाढते. वर करवत चालवायची वेळ आली की साखळीचे दात जातात ते वेगळंच. ढोली उघडी राहू द्या, पाणी साचत असेल तर बघा, आणि मुख्य म्हणजे आत दिवा-कापूर लावू देऊ नका. पोकळ खोड धुराड्यासारखं पेटतं. फ्लोरिडातला 'द सेनेटर' नावाचा सुमारे साडेतीन हजार वर्षांचा सायप्रस २०१२ मध्ये असाच आतून जळून गेला.

वाळवीचंही एक सांगतो. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीच्या वडाला २०१८ मध्ये सलाईनच्या बाटल्यांतून क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक दिलं, ते फोटो बघून जो तो बाटल्या लटकवतो. तिथे त्याबरोबर फांद्यांना आधाराचे खांब दिले, पर्यटकांना झाडाखाली जाणं बंद केलं, हे कुणी सांगत नाही. प्रत्येक बाटलीसाठी खोडाला भोक पडतं. वाळवी मेलेल्या लाकडात असेल तर तिला मारून झाडाचा काही फायदा नाही.

चिंचेचा_आकडा

मूळ प्रश्न राहिला. पडलेलं झाड परत उभं करता येतं का? क्रेन लावून उभं केलेल्या वडांचे व्हिडिओ सारखे येतात.

कलमबहाद्दर

वड, पिंपळ, उंबर यांना येतं, कधीकधी. चिंच-आंब्याच्या जुन्या झाडाला जवळजवळ नाहीच.

अटी अशा. मुळांची थाळी मातीसकट उचललेली हवी. बुंधा तळाशी मोडला असेल तर विषय संपला. निम्म्याच्या आसपास मुळं जमिनीत शाबूत हवीत. वर मुळावर_उठलेला यांनी सांगितलेली टोकांची तपासणी आधी करा: कूज असेल तर उभं केलेलं झाड पुढच्या पावसात परत पडेल, आणि या वेळी ते बघायला आलेल्या गर्दीवर.

दोन-तीन दिवसांत काम व्हायला हवं. तोवर उघडी मुळं ओल्या गोणपाटाखाली. फांद्यांचा किमान निम्मा भार उतरवा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. फाटलेली मुळं धारदार करवतीने स्वच्छ कापा, चिरफाळलेली तशीच गाडू नका. थाळीखालचा खड्डा रुंद आणि खोल करा, नाहीतर झाड उभं राहताना मुळं दुमडतात. क्रेनला रुंद नायलॉनचे पट्टे लावा, खाली गोणपाटाची जाड घडी. वायररोपने साल सोलते, आणि सालीचं पूर्ण कडं सोललं की वरचं सगळं मेलं. हळू उचला, माती थरथराने भरा, प्रत्येक थराला पाणी. तीन बाजूंनी तणावे, किमान दोन वर्षं, आणि तारेखाली जुन्या टायरचे तुकडे.

खर्च मोठा आहे, यश अनिश्चित आहे. म्हणून क्रेनची वाट बघत बसू नका, खुंट आधी काढून घ्या.

रंधा

बाहेरून आधार दिला म्हणजे झाड वाचलं असं नसतं, त्यासाठी अ‍ॅम्स्टरडॅमचं अ‍ॅन फ्रँकचं चेस्टनट बघा. बुरशीने खोड पोखरलं होतं, तोडायचं ठरलं, लोकांनी विरोध केला, २००८ मध्ये पोलादी सांगाडा उभारला. ऑगस्ट २०१० मध्ये वाऱ्यात झाड सांगाड्यासकट मोडलं. पण त्याआधीच त्याच्या बियांपासून रोपं करून ठेवली होती, ती आज अनेक देशांत आहेत.

आता लाकूड. लिलाव थांबवणं हे पहिलं काम. एकदा सरपण म्हणून ट्रक भरला की मागे लागून उपयोग नाही. पत्रात 'संपूर्ण झाड जतन करा' असं लिहू नका, कुणी ऐकत नाही. नेमकं मागा: बुंध्याची एक पूर्ण चकती, दोन ओंडके आणि मुळाचा एक भाग.

चकती किमान सहा इंच जाड घ्या. पातळ चकती आठवड्यात तडकते. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जितकं आकसतं ते केंद्राकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे परिघापासून केंद्रापर्यंत पाचरीसारखी फट पडणारच. ती कुठे पडावी हे आपण ठरवू शकतो: मागच्या बाजूने केंद्रापर्यंत एक करवतीचा काप आधीच घ्या. मग फट तिथेच उघडते, दर्शनी बाजूला नाही. दोन्ही तोंडांना लगेच मेण किंवा जाड ऑइलपेंट, त्याच दिवशी. मग सावलीत, जमिनीपासून वर, दोन पट्ट्यांवर. एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष असा वाळण्याचा हिशोब. संग्रहालयं पॉलीइथिलीन ग्लायकोलमध्ये (लाकूड आकसू न देणारं मेणासारखं रसायन) बुडवतात, ते मोठ्या टाकीचं काम आहे.

वडाचं लाकूड टिकाऊ नाही, हे आधीच मान्य करा. ओलं असतानाच बोरिक अ‍ॅसिड-बोरॅक्सच्या द्रावणात भिजवलं नाही तर भुंगा आणि बुरशी लागते. चिंचेचं लाकूड मात्र लोखंडासारखं, गाभा असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. उरलेला बुंधा शक्य असेल तर जागेवरच आडवा राहू द्या. त्यात जेवढे जीव राहतात तेवढे कुठल्या शिल्पात राहत नाहीत. झाडाच्या लाकडातून त्याच झाडाशी संबंधित महापुरुषाचा पुतळा कोरण्याची हौस मला तरी कळलेली नाही.

दप्तरी

वयाबद्दल थोडं अप्रिय लिहितो. 'चारशे', 'पाचशे', 'शिवकालीन' हे आकडे बहुतेक झाडांना परंपरेने चिकटलेले असतात. खोटे असतीलच असं नाही, पण पुराव्याशिवाय ते कागदावर उभे राहत नाहीत.

वडाची वलयं मोजून वय काढता येत नाही. सागाला वर्षाला एक असं बऱ्यापैकी स्पष्ट वलय पडतं, वडाला तसं भरवशाचं पडत नाही. त्यात पारंब्या खोडाला चिकटून घेर फुगलेला असतो, म्हणून घेरावरून काढलेलं वयही फसवं. जुना बुंधा आतून पोकळ, म्हणजे सगळ्यात जुनं लाकूडच नाहीसं झालेलं. कार्बन-१४ (लाकडातल्या कार्बनवरून वय काढण्याची चाचणी) करायचं तर पोकळीच्या कडेला उरलेलं, केंद्राच्या सगळ्यात जवळचं निरोगी लाकूड घ्या, काडेपेटीएवढं पुरे. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, त्यावर औषध, रंग, मेण काही लागू देऊ नका. म्हणजे रंधा यांचं काम सुरू होण्याआधी हे. लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि दिल्लीचं आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र इथे अशा मोजणीची सोय आहे.

त्यातही एक गोम आहे. साधारण १६५० ते १९५० या काळासाठी कार्बनचा वक्र वरखाली होतो, एकाच मोजणीतून दोन-तीन वेगवेगळे कालखंड निघतात. नेमका आपल्याला हवा तोच काळ! म्हणून केंद्राकडून बाहेर असे तीन-चार नमुने घ्यावे, म्हणजे शक्यता कमी होतात.

कागद जास्त बोलतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर मोजणीसाठी वापरलेली झाडं दाखवलेली असतात. जुने गट नकाशे, मंदिराच्या सनदा, गॅझेटियर, सीमेच्या वादांचे कागद तपासा. गावशीव ठरवताना 'अमुक वडापासून' असे उल्लेख येतात.

आणि खड्ड्यात बघा. जुनं झाड उलटलं की शतकानुशतकं न हललेली माती वर येते. खापरं, विटा, वीरगळाचे तुकडे, कधी नाणी निघतात. मुळात अडकलेली वस्तू ओढून काढू नका, आधी जागेवर फोटो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहाचा आकडा १८७८ चाच, पण कायदा चालू आहे.

नियमावली

कायद्याचं थोडक्यात. शहरी हद्दीत १९७५ चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम लागू. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'पुरातन वृक्ष' झालं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट आली. म्हणजे वर दप्तरी म्हणतात तो वयाचा पुरावा नुसत्या अभिमानाचा विषय नाही, त्यावर रोपांची संख्या ठरते. पण हे तोडलेल्या झाडाला. आपसूक पडलेल्याला नाही. म्हणूनच मुळांचे फोटो महत्त्वाचे: परवानगी न घेता मुळं तोडल्याचं दिसलं तर 'आपसूक' हा शब्द टिकत नाही.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ अशा ठरावीक जाती आहेत. तिथे दुसरा मार्ग घ्या. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. झाड उभं असतानाच त्यात घेर, फोटो, अक्षांश-रेखांश, कागदोपत्री उल्लेख नोंदवा. पुढची पायरी कलम ३७ खाली वारसा स्थळ. पुण्याचं गणेशखिंड उद्यान तसं जाहीर झालेलं आहे.

रानवाट

शेवटचा प्रश्न. खुंट जगले, दोन वर्षांचे झाले. ते त्याच खड्ड्यात लावायचे ना? गावकऱ्यांचा आग्रह तोच असतो.

मुळावर_उठलेला

कूज नसेल तर लावा. गॅनोडर्मा असेल तर अजिबात नको. ती बुरशी जमिनीत राहिलेल्या जुन्या मुळांवर वर्षानुवर्षं जगते आणि नव्या मुळांना स्पर्शातून लागते. जुनी मुळं मनगटाच्या जाडीपर्यंतची जमतील तितकी खणून काढा, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. नवं झाड दहा-बारा मीटर बाजूला, जिथे जुनी मुळं कमी असतील तिथे. गावकऱ्यांना पार हवा असेल तर नव्या झाडाभोवती बांधू द्या, पण दगडाचा, बिनचुन्याचा, आणि बुंध्यापासून पाच मीटर सोडून.

कलमबहाद्दर

सहमत. आणि दोन वर्षांचा खुंट लावताना सोबत त्याच झाडाचे आणखी दोन खुंट नर्सरीत राखून ठेवा, किमान पाच वर्षं. जनावरं, वणवा, ट्रॅक्टर, काहीही होऊ शकतं. कुंपण गुरांच्या मानेच्या उंचीचं, बुंध्याला तार न टेकणारं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात.